शेकने वजन उतरतं, पण डबा संपल्यावर काय खायचं ते आधी ठरवा

प्रश्न : मॅडम, मी ४१ वर्षांची आहे, विजापूर रोडला राहते, शाळेत शिक्षिका आहे. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. दोन वर्षांपासून शुगर आहे. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी घेते, थायरॉइडचीही गोळी चालू आहे. आमच्या कॉलनीत सकाळी शेकचा, म्हणजे जेवणाऐवजी घ्यायच्या पावडरीच्या पेयाचा, क्लब भरतो. तिथे माझ्या जावेचं महिन्यात पाच किलो वजन उतरलं. दोन वेळचं जेवण बंद करून शेक घ्या आणि मधल्या भुकेला प्रोटीन बार (पाकिटातली वडी) खा, असं तिथले लोक सांगतात. घ्यावं का? माझ्या १५ वर्षांच्या मुलीचंही वजन जास्त आहे. तिला दिलं तर चालेल का?

उत्तर :

ताई, शेकने वजन उतरतं, हे खरं आहे. मात्र तुम्ही ग्लिमेपिराइड घेता. ही गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता दोन जेवणं बंद करणं धोक्याचं आहे. उद्यापासून क्लबला जायचं ठरवलं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही भाकरी खाल्ली की पाण्यातला शेक घेतला, हे तिला कळत नाही. सकाळी गोळी घेतली, शेकवर शाळेत गेलात आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला वर्गात हात थरथरायला लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर खाली गेलेली असते. तेव्हा लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटं बसून राहायचं आणि बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच घ्यायचं. पण अशी वेळच येऊ नये म्हणून जेवण कमी करण्याआधी गोळीचा डोस कमी करून घ्यावा लागतो. एकट्या मेटफॉर्मिनने हा धोका फारसा नसतो. इन्शुलिन घेणाऱ्यांना तो खूपच मोठा असतो. ज्यांच्या गोळीचं नाव 'फ्लोझिन'ने संपतं, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, त्यांनी तर पिष्टमय खाणं एकदम तोडायचं नाही. त्यात साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो.

थायरॉइडच्या गोळीचंही बघा. ती उपाशीपोटी घेतात. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यात अडवतात, म्हणून त्यांच्यात आणि गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. शेकच्या पावडरीत कॅल्शियम आणि लोह दोन्ही घातलेलं असतं, बऱ्याचदा सोयाही असतं. साडेसहाला गोळी आणि सातला क्लबमधला शेक असं रोज चाललं तर गोळी पुरती लागू पडणार नाही. दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा आकडा) वाढलेला दिसेल आणि थकवा कशाने आला ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

आता जावेच्या पाच किलोंबद्दल. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. महिन्यात पाच किलो निव्वळ चरबी घटवायची तर रोज जवळजवळ १३०० कॅलरींची तूट लागते. तुमच्या-आमच्या वयाच्या आणि बेताची हालचाल असलेल्या बाईचा दिवसाचा एकूण खर्चच १८०० ते २००० कॅलरींच्या आसपास असतो. म्हणजे उतरलेलं सगळं वजन चरबीचं नाही. शरीर यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं अचानक कमी झालं की हा साठा आधी रिकामा होतो. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो तो मुख्यतः या पाण्यामुळे. काही भाग स्नायूंचाही असतो आणि तोच जपायला हवा, कारण चाळिशीनंतर गेलेला स्नायू सहज परत येत नाही. तुमच्या जावेने मेहनत घेतली आहे, तिचं श्रेय मी काढून घेत नाही. पण ती खरी कितीने उतरली हे सहा महिन्यांनी तिचा काटा आणि कमरेचा टेप सांगेल.

शेकवर माझा राग नाही, कारण या विषयावर चांगलं संशोधन झालेलं आहे. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी 'डायरेक्ट' नावाचा मोठा अभ्यास केला. त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्शुलिन न घेणारे साधारण तीनशे लोक त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांचं नेहमीचं जेवण पूर्ण थांबवलं आणि त्यांना तीन ते पाच महिने फक्त शेक आणि सूप दिलं, दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी. वर्षाअखेर शेकच्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. हे आकडे क्लबमध्येही सांगितले जातात, आणि ते खरे आहेत.

त्या अभ्यासात आणखी काय काय केलं होतं, ते मात्र सांगितलं जात नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्या लोकांच्या शुगरच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञ त्यांना नियमित भेटत होते. शेक संपल्यावर दोन ते आठ आठवडे घेऊन एकेक जेवण हळूहळू परत आणलं गेलं, आणि पुढेही दर महिन्याला बोलावणं चालू राहिलं. एवढं करूनही दोन वर्षांनी ४६ टक्क्यांचे ३६ टक्के झाले. ज्यांचं वजन परत चढलं, त्यांची शुगरही परत आली. सोलापुरात माझ्याकडे क्लब सोडून आलेल्या बहुतेक बायकांची गोष्ट इथेच अडकते. शेक घेताना काय करायचं ते त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. डबा संपल्यावर सोमवारी सकाळी नाश्त्याला काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. मग एक तर पुढचा डबा घ्यायचा, नाहीतर होतं तिथे परत. म्हणून डबा विकत घ्यायच्या आधी तुमचं शेकनंतरचं जेवण कागदावर उतरलेलं असलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी तेच लिहून देते आणि शेकचं नंतर बोलते.

शेकमुळे नेमकं काय सोपं होतं, तेही समजून घ्या. आपल्याकडे घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसते. भांड्यात उरलेली पोरांची अर्धी पोळी, वाटीभर आमटी, थोडा भात, वाया जाऊ नये म्हणून तिच्या ताटात येतं. तिने किती खाल्लं ते तिलाही सांगता येत नाही. शेकचं माप ठरलेलं असतं. एक ग्लास घेतला की जेवण झालं. उरलंसुरलं संपवायचा प्रश्नच येत नाही. वजन उतरतं ते बरंचसं या ठरलेल्या मापामुळे. कुठल्याही पावडरीत चरबी जाळणारं काही नसतं, तसं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या.

आता डबा हातात घेऊन वाचूया. पोषणमूल्यांच्या तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात, एक नुसत्या पावडरीचा आणि एक दुधासकट. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात '१८ ग्रॅम प्रोटीन' छापलेलं असतं ते दुधासकटचं. ३०० मिली टोन्ड दुधात साधारण ९ ग्रॅम प्रथिनं आणि १७५ कॅलरी असतात. म्हणजे अर्धी प्रथिनं तुमच्या रोजच्या दूधवाल्याची. तीच पावडर पाण्यात घोटून दिली की पोटात जातात ९ ग्रॅम प्रथिनं आणि शंभरेक कॅलरी. हे जेवण झालं नाही. अकराच्या सुट्टीत तुम्हाला भूक लागली तर त्यात तुमच्या मनाचा दोष काढू नका.

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. प्रथिनांचे ग्रॅम गुणिले चार, भागिले एकूण कॅलरी, गुणिले शंभर. जेवणाऐवजी घ्यायच्या पदार्थांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात एका जेवणाला २०० ते ४०० कॅलरी आणि त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून, असं ठरवलेलं आहे. २७५ कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं असलेला दुधातला शेक २६ टक्क्यांवर येतो, म्हणजे बसतो. जिमवाल्यांची व्हे (दुधातल्या निवळीच्या प्रथिनांची) पावडर प्रथिनांत भरपूर उतरते, पण तिला जेवण म्हणता येत नाही, कारण जीवनसत्त्वं, खनिजं, तंतू, स्निग्ध पदार्थ यांची सोय तिच्यात नसते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनाच्या नुसत्या द्रवावर कित्येक आठवडे काढणारे अनेक लोक हृदयाचे ठोके बिघडून दगावले होते. पूर्ण जेवण बदलायचं तर पावडरही पूर्ण हवी, असा नियम त्यानंतर कडक झाला. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक डब्यावर असायलाच हवा. पण तो क्रमांक म्हणजे उत्पादकाचा परवाना. वजन उतरण्याची हमी त्यात नसते. 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्या तर आपल्या अन्नसुरक्षा कायद्यातच नाही. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन दुकानांना या नावाखाली पेयं विकू नका असं सांगितलं, ते म्हणूनच.

बारबद्दल माझं मत कडक आहे. ५० ग्रॅमच्या बारचे आकडे साधारण असे असतात : २१० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं, २४ ग्रॅम कर्बोदकं, त्यात १३ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम चरबी. वरचं गणित लावा, प्रथिनांचा वाटा १९ टक्के निघतो. म्हणजे जेवण म्हणून तो बसत नाही, आणि मधल्या भुकेला म्हणून २१० कॅलरी जास्त होतात. घटकांची यादी वाचताना लक्षात ठेवा, जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. पहिल्या तिनांत खजुराची पेस्ट, मध, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) यांतलं काही असेल तर ती मिठाईच आहे. 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेलं असलं तरी खजुराची साखर रक्तात साखर म्हणूनच जाते. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नसतं, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. 'शुगर फ्री' बारमध्ये बहुतेक वेळा माल्टिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो. त्याने साखर कमी वाढते, पण थोडी वाढतेच, आणि दोन बार झाले की पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाबही होतात. शाळेत वर्ग घेताना हे नको. तुमच्या पर्समध्ये ४० ग्रॅम फुटाण्यांची डबी ठेवा. साधारण १५० कॅलरी, ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि चावायला वेळ. प्रवासात गाडी लेट झाली, जेवण हुकणार आहे, अशा वेळी चांगला बार चालेल. रोजच्या मधल्या सुट्टीसाठी नाही.

आता तुमचं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३२ येतो. भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. वजन कमी करायलाच हवं, तुमची ही काळजी अगदी बरोबर आहे. सहा महिन्यांत सहा ते आठ किलो हे लक्ष्य ठेवूया. त्यासाठी दिवसाला १३५० ते १४०० कॅलरी आणि ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील. आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या तपासण्या, टीएसएच आणि हिमोग्लोबिन करून घ्या. पित्ताशयात खडे झाल्याचं आधी कळलेलं असेल तर तेही सांगा, कारण वजन भराभर उतरताना खडे वाढतात. डॉक्टरांना विचारा : "रात्रीचं एक जेवण कमी करतेय, ग्लिमेपिराइड किती ठेवायची?" घरी ग्लुकोमीटर हवाच.

शेक घ्यायचाच असेल तर रात्री घ्या, एकाच वेळी घ्या आणि तीन महिने घ्या. सकाळच्या गोळीला सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण यांचा आधार राहू द्या. तसंही आपल्या घरांत रात्रीचं जेवण उशिरा होतं आणि उरलंसुरलं संपवायचं ते त्याच वेळी. २५० ते ३०० मिली टोन्ड दुधात पावडर, सोबत मोठी वाटीभर कोशिंबीर किंवा कमी तेलातली पालेभाजी, म्हणजे चावल्याचं समाधान मिळेल आणि पोटही साफ राहील. पावडर विकत घ्यायची नसेल तर एका जेवणापुरता घरचा पर्यायही चालतो. ३० ग्रॅम डाळव्याचं पीठ, २५० मिली दूध, जरा वेलची. साधारण २५० कॅलरी आणि १४ ग्रॅम प्रथिनं. यात घातलेली जीवनसत्त्वं नाहीत, पण बाकीची दोन जेवणं नीट असतील तर अडत नाही. दोन किंवा तीनही जेवणं बदलायची असतील तर घरची पावडर अजिबात नको. तेव्हा पूर्ण मिश्रण आणि डॉक्टरांची देखरेख दोन्ही लागतात.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. खाणं घटलं की शरीरातून पाणी आणि मीठही जास्त जातं. त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना चक्कर येते. तुम्हाला ही गोळी नाही, पण जावेला असेल तर तिला सांगा. ताक, पाणी, लिंबूपाणी बिनसाखरेचं, हे तहान लागायच्या आधी घेत राहा. दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागले तर घाबरू नका, पण मला कळवा. वजन वेगाने उतरल्यावर असं होतं, आणि प्रथिनं किंवा लोह कमी पडत असेल तर जास्त होतं.

आता शेकनंतरचं ताट. आपली ज्वारी तुम्हाला सोडायची नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. पण मापात खा. पीठ काटवटीत घेण्याआधी कोरडं असताना काट्यावर ठेवा. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे १६५ ते १७० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं. आठवडाभर मोजलंत की उंडा किती घ्यायचा ते हाताला कळतं. दुपारी एक भाकरी, दोन वाट्या पातळ उसळ किंवा हुलग्याची आमटी, भाजी, वाटीभर दही. रात्री शेक हळूहळू सोडताना आधी आठवड्यातून दोन दिवस, मग चार, मग रोज, शेकच्या जागी अर्धी भाकरी, उसळ आणि भाजी. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी फार कामाची, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं.

कडक भाकरीबद्दल सगळ्यांचा गैरसमज आहे. पातळ आणि कुरकुरीत आहे म्हणून ती डाएटची समजतात आणि चहाबरोबर दोन-तीन मोडून खातात. तिच्यात पाणी उरलेलं नसतं, त्यामुळे वजनाला वजन धरलं तर मऊ भाकरीपेक्षा तिच्यात कॅलरी जास्त. खा, पण भाकरी म्हणून मोजा. शेंगाची चटणी तर आपला जीव की प्राण. उखळात कुटलेली, तेल सुटलेली ती चटणी एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम घेतली की ८० कॅलरी होतात. वर तेलाची धार धरली की आणखी ४५ प्रत्येक छोट्या चमच्यामागे. बायका चटणीला मोजतच नाहीत, ती तोंडी लावणं असते. मी चटणी बंद करायला सांगत नाही. एक चमचा, दह्यात कालवून, वरून तेल नाही. हुरड्याच्या दिवसांत शेतावर गेलात तर हुरडा हेच दुपारचं जेवण समजा, घरी येऊन पुन्हा ताट वाढून घेऊ नका. सोमवारचा उपवास असेल तर साबुदाण्याऐवजी भगर आणि दही.

आठवड्यातून तीन दिवस स्नायूंचा व्यायाम करा. सकाळी कंबर तलावावर चालायला जात असाल तर उत्तम, पण चालण्याने स्नायू पुरेसे टिकत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. काटा आठवड्यातून एकदाच, एकाच वेळी बघा आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा.

मुलीबद्दल. तिला शेक नाही आणि बारही नाही. पंधराव्या वर्षी उंची, हाडं, पाळी यांचं काम चालू असतं आणि वजन उतरवण्याच्या या पावडरी अठरा वर्षांखालच्यांसाठी बनवलेल्या नसतात. याशिवाय या वयात जेवणाची जागा पावडरीच्या डब्याने घेतली की खाण्याबद्दलची भीती मनात बसते, आणि ती काढायला वर्षं लागतात. तिच्यासमोर वजनाचा विषय काढू नका, जावेशी तुलना तर मुळीच नको. घरातलं कोल्ड्रिंक आणि बिस्किटांचे पुडे बंद करा, ते सगळ्यांसाठी, एकट्या तिच्यासाठी नाही. तिला डब्यात उसळ-भाकरी द्या, रोज तासभर खेळू द्या आणि रात्री मोबाइल बाजूला ठेवून वेळेवर झोपवा. तिची पाळी दोन-दोन महिने पुढे जात असेल, हनुवटीवर केस येत असतील किंवा मानेवर काळपट जाड त्वचा दिसत असेल, तर तिला बालरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सिव्हिलमध्येही ही सोय आहे. तुम्ही स्वतः डॉक्टरांना भेटायला जाल तेव्हा तिलाही बरोबर न्या, आणि तुमचे रिपोर्ट आले की मला पाठवा.